इमल्शन प्लांटसाठी बॅच सॉफ्टवेअर: रेसिपी कुठे संपते, पीएलसी कुठे सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा: ॲक्रिलिक इमल्शनचा (पाण्यात विखुरलेल्या ॲक्रिलिक पॉलिमरचा) प्लांट आहे. दहा हजार लिटरचे तीन रिॲक्टर, दोन प्री-इमल्शन टाक्या (पाणी, साबणासारखा सर्फॅक्टंट आणि मोनोमर म्हणजे पॉलिमरचा कच्चा माल इथे आधी एकत्र ढवळतात), दोन ब्लेंडिंग टाक्या. चौदा ग्रेड (मालाचे प्रकार) चालतात आणि प्रत्येक ग्रेडचा सीक्वेन्स पीएलसीत (व्हॉल्व्ह-पंप चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) वेगळा लिहिलेला आहे. नवी ग्रेड आली की प्रोग्रामर बोलवा, प्लांट थांबवा, प्रोग्राम डाउनलोड करा. बॅच सॉफ्टवेअर (रेसिपीप्रमाणे बॅच पायरीपायरीने चालवणारे) घेतले तर हे थांबेल का, त्याची बांधणी कशी करायची, आणि चालू बॅचमध्ये ऑपरेटरला आकडे बदलू द्यायचे का?

घ्या. चौदा ग्रेड आणि तीन रिॲक्टर असतील तर ते नक्की परवडते. एकच रिॲक्टर आणि तीन-चार ग्रेड असत्या तर स्काडामधल्या (प्लांट पडद्यावरून चालवायच्या सॉफ्टवेअरमधल्या) रेसिपी टेबलवर भागले असते. मात्र फॅक्टरीटॉक बॅच, सिमॅटिक बॅच, डेल्टाव्ही बॅच किंवा ॲव्हीवा यांपैकी कोणते घेता याला लोक देतात तेवढे महत्त्व नाही. या सगळ्यांचा सांगाडा एकच आहे. १९९५ साली आलेले आयएसए-८८ हे मानक, म्हणजे प्लांटच्या बोलीतले ‘एस-८८’, सगळ्यांनी पाया म्हणून धरले आहे. आयईसी ६१५१२ हे त्याचेच आंतरराष्ट्रीय रूप. काम यशस्वी होते की फसते, हे तुम्ही फेज (‘पाणी चार्ज करा’ यासारख्या रेसिपीच्या सर्वात लहान पायऱ्या) कशा पाडता आणि त्या फेजचे होल्ड (मध्येच थांबवणे) व रीस्टार्टचे लॉजिक किती विचाराने लिहिता यावर ठरते. प्रकल्पाचा वेळ तिथे घाला. रेसिपी एडिटरमध्ये चौकटी ओढून जोडायला केमिस्ट आठवड्याभरात शिकतात.

रेसिपीची उतरंड अशी असते: प्रोसिजर, तिच्यात युनिट प्रोसिजर, त्यात ऑपरेशन, आणि सर्वात खाली फेज. वरचे तीन थर बॅच सर्व्हरवर (बॅच सॉफ्टवेअरच्या संगणकावर) राहतात. फेजचे नाव आणि आकडे रेसिपीत असतात, पण तिचे लॉजिक पीएलसीत चालते. सर्व्हर फेजला आज्ञा आणि पॅरामीटर देतो. फेज आपली स्थिती, फेल्युअर आणि प्रत्यक्ष घडलेले आकडे परत सांगते. ‘८२ अंश’, ‘२६०० किलो पाणी’, ‘फीड २१० मिनिटांत’ या गोष्टी रेसिपीच्या. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, पंप किती सेकंदांनी लावायचा, फीडबॅक आला नाही तर काय करायचे, हे सगळे पीएलसीचे. सीमा नीट पडली आहे का, हे दोन प्रश्न विचारून पाहा. पंप बदलला म्हणून रेसिपी उघडावी लागते का? नवी ग्रेड आली म्हणून पीएलसी उघडावा लागतो का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ यायला हवे.

तुमच्या रिॲक्टरला साधारण बारा फेज पुरतील: पाण्याचे चार्जिंग (भरणे), हाताने चार्जिंग, ॲजिटेटर (ढवळणी), तापमान, नायट्रोजन, प्री-इमल्शन फीड (हळूहळू घालणे), इनिशिएटर (रिॲक्शन सुरू करणारे रसायन) फीड, लहान शॉट, ठरावीक वेळ थांबणे, नमुना, ट्रान्सफर आणि धुलाई. ‘व्हॉल्व्ह उघडा’ अशी फेज करू नका. ती फार बारीक होते, रेसिपी दोनशे चौकटींची बनते आणि मग केमिस्ट तिच्या वाटेला जात नाही. ‘ग्रेड-७ रिॲक्शन’ अशीही फेज नको. तसे केले तर जुनीच अडचण नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवल्यासारखे होते. फेज सुरक्षित स्थितीतून सुरू व्हावी, सुरक्षित स्थितीत संपावी, आणि एकाच वेळी चालणाऱ्या दोन फेजनी एकाच व्हॉल्व्हवर हक्क सांगू नये. या तीन अटींवर प्रत्येक फेज तपासली की बहुतेक चुका कागदावरच सापडतात.

ॲजिटेटर आणि तापमान या दोन फेजविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पहिल्या पाण्याच्या बॅचमध्ये गडबड होते ती इथेच. रेसिपी एका ऑपरेशनमधून दुसऱ्यात जाते तेव्हा चालू असलेली फेज सर्व्हर थांबवतो आणि पुढच्या ऑपरेशनमधली नव्याने सुरू करतो. मधल्या पाच-दहा सेकंदांत ॲजिटेटर बंद पडतो, जॅकेटचे (रिॲक्टरभोवतीच्या तापवण्या-थंड करण्याच्या कवचाचे) व्हॉल्व्ह मिटतात. पाण्यावर ते खपते. मोनोमर आत असताना खपत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये फेज न थांबवता तिचा ताबा पुढच्या पायरीकडे देण्याची सोय आहे. पण त्याहून सुटसुटीत उपाय असा: फेजने ॲजिटेटर चालू करावा, आरपीएम द्यावा, फीडबॅक तपासावा आणि स्वतः पूर्ण होऊन बाजूला व्हावे. ॲजिटेटर चालूच राहतो; तो बंद करायचा तर रेसिपीने तसे स्पष्ट सांगावे लागते. तापमानाचेही तसेच: सेटपॉइंट (गाठायचे तापमान) आणि रॅम्प (तिथवर जायचा वेग) देऊन, तापमान गाठले की फेज पूर्ण, पण तापमान राखणारा लूप पीएलसीत चालू. याचा दुसरा फायदा होल्डच्या वेळी कळतो.

आता होल्ड. बॅच होल्डवर टाकली की सर्व्हर तिच्या सगळ्या चालू फेजना होल्डची आज्ञा देतो. होल्ड म्हणजे ‘सगळे बंद’ असे समजून लॉजिक लिहिले असेल तर फीड थांबते आणि त्याबरोबर ॲजिटेटर व कूलिंगही थांबते. आत अर्धवट रिॲक्शन झालेला मोनोमर तसाच. म्हणून प्रत्येक फेजसाठी बसून लिहून काढा: होल्डला काय बंद होईल, काय चालू राहील, आणि रीस्टार्टच्या आधी काय तपासले जाईल. फीडच्या फेजमध्ये होल्डला डोसिंग पंप आणि रिॲक्टरजवळचा व्हॉल्व्ह बंद. कूलिंग चालू. ॲजिटेटरला हातही लावायचा नाही.

रीस्टार्टची सगळ्यात नेहमीची चूक चार्जिंगमध्ये होते. फेज सुरू होताना टोटलायझर (पडलेल्या मालाची बेरीज ठेवणारा मोजक) शून्य करायची ओळ रीस्टार्टच्या वाटेवरही ठेवली जाते. ८५० किलोचे चार्जिंग ५१२ किलोवर होल्ड झाले, पाच मिनिटांनी रीस्टार्ट केले, टोटलायझर शून्य झाला आणि फेजने पुन्हा पूर्ण ८५० किलो ओतले. रिॲक्टरमध्ये १३६२ किलो, रिपोर्टमध्ये मात्र ८५०. बॅच फुकट गेली तरी कारण सापडत नाही, कारण कागद बरोबर दिसतो. टोटलायझर फक्त पहिल्या स्टार्टला शून्य करा, रीस्टार्टला उरलेले वजन काढा, आणि आधी किती पडले तो आकडा पीएलसीच्या वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ठेवा.

स्टॉप आणि ॲबॉर्ट यांतून परतीची वाट नसते. फेज रीसेट करूनच पुन्हा सुरू होते. तुमच्या प्रक्रियेत फीड सुरू झाल्यावर ‘बॅच सोडून दिली’ असे काही नसतेच, आतला माल कोणाला तरी सांभाळावाच लागतो. म्हणून फीडच्या फेजचे ॲबॉर्टचे लॉजिकही कूलिंग चालू ठेवणारेच हवे.

आकड्यांत पाहिले तर हे का महत्त्वाचे आहे ते लगेच कळते. समजा बॅच ८००० किलोची आहे: सुरुवातीला रिॲक्टरमध्ये २६०० किलो पाणी, मग ५००० किलो प्री-इमल्शन, त्यात ३९०० किलो मोनोमर. उरलेले इनिशिएटरचे द्रावण, चेसर (शेवटी उरलेला मोनोमर संपवणारे रसायन), अमोनिया वगैरे. ब्युटाइल ॲक्रिलेट आणि मिथाइल मेथाक्रिलेट या मोनोमरच्या पॉलिमरायझेशनची उष्णता किलोमागे ढोबळमानाने ६०० किलोज्यूल धरा. ३९०० किलो २१० मिनिटांत घातले तर सरासरी १८५ किलोवॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. जॅकेट ती काढू शकते, कारण मोनोमर पडताच संपत असतो. पण इनिशिएटर बंद पडला किंवा तापमान ८२ वरून ७२ वर घसरले, तर मोनोमर पडत राहतो आणि त्याची रिॲक्शन होत नाही. हजार किलो साचला आणि मग त्याची एकदम रिॲक्शन झाली, तर पाच टन मालाचे तापमान अंदाजे ३५ अंशांनी उडते. ८२ अधिक ३५ म्हणजे पाण्याच्या उकळबिंदूच्या पार पुढे.

यातून फीडच्या फेजचे तीन नियम निघतात. पहिला: कमी तापमानालाही फीड थांबले पाहिजे, फक्त जास्त तापमानाला नाही. जास्तीची मर्यादा सगळे लावतात, कमीची विसरतात. दुसरा: इनिशिएटर थांबला तर मोनोमर ताबडतोब थांबावा, मोनोमर थांबला तर इनिशिएटरने कमी वेगाने चालू राहायला हरकत नाही, कारण तो आत उरलेला मोनोमर संपवतो. म्हणजे हा संबंध एकतर्फी आहे. सॉफ्टवेअरमधली होल्ड पसरवायची सेटिंग मात्र दोन्ही बाजूंना सारखी चालते: एक फेज होल्डला गेली की ऑपरेशनमधल्या सगळ्या फेज होल्डला. त्यामुळे हा नियम रेसिपीत किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवू नका, पीएलसीतल्या इंटरलॉकमध्ये (अट मोडली की आपोआप अडवणाऱ्या लॉजिकमध्ये) ठेवा. तिसरा: ॲजिटेटर ट्रिप झाला की फीड बंद, आणि ॲजिटेटर काही मिनिटे बंद राहिला असेल तर तो आपोआप पुन्हा चालू होऊ देऊ नका. वर थर धरून बसलेला मोनोमर एकदम ढवळला गेला तर तोच धोका. तिथे केमिस्टने पाहून निर्णय घ्यावा आणि त्याच्या पासवर्डनेच रीस्टार्ट व्हावे.

जास्त तापमान आणि जास्त दाब यांचे अंतिम संरक्षण बॅच सिस्टीमपासून पूर्ण वेगळे हवे: स्वतंत्र सेन्सर, स्वतंत्र ट्रिप, रप्चर डिस्क (जास्त दाबाला फुटून वाट देणारी चकती). १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीजचा बॅच रिॲक्टर फुटला आणि चार माणसे गेली. कूलिंग बंद पडले होते, त्याला पर्याय नव्हता, आणि दाब सोडायची व्यवस्था पळालेल्या रिॲक्शनला पुरी पडली नाही. रिॲक्शन वेगळी होती, पण शिकायचे ते इथेही लागू आहे. कूलिंग जाते तेव्हा बॅच कोणत्या पायरीवर आहे याची ते वाट पाहत नाही, म्हणून या संरक्षणाला रेसिपीची पायरी माहीत असण्याची गरजच पडू नये.

वजनाकडे वळू. बारीक धारेचा पंप मिनिटाला १२ किलो देत असेल आणि व्हॉल्व्ह मिटायला ३ सेकंद लागत असतील तर साधारण अर्धा किलो जास्त पडेल. मोठ्या धारेत, मिनिटाला १२० किलोवर, त्याच ३ सेकंदांत ६ किलोपर्यंत. म्हणून ९५ ते ९७ टक्क्यांपर्यंत मोठी धार, मग बारीक, आणि लक्ष्याच्या थोडे आधी व्हॉल्व्ह बंद. ‘थोडे आधी’ हा आकडा त्या लाइनचा गुण आहे, ग्रेडचा नाही. त्यामुळे तो पीएलसीत लाइननुसार ठेवा. रेसिपीत टाकलात तर चौदा ठिकाणी बदलावा लागेल. फेजने तो आपोआप सुधारावा असे लॉजिक घातलेत तर त्याला वर-खाली मर्यादा बांधा. एकदा स्ट्रेनर (गाळणी) तुंबला की बेभरवशाचा आकडा शिकून बसतो.

रिॲक्टर लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) असेल तर आणखी एक सापळा आहे आणि तो हमखास चुकतो. जॅकेट भरले किंवा रिकामे झाले की वजन शेकडो किलोंनी हलते. स्टीमवरून कूलिंग वॉटरवर जाताना चार्जिंग चालू असेल तर फेजला वाटते, माल पडला. पातळ मालासाठी मास फ्लोमीटर (वाहणाऱ्या मालाचे वजन मोजणारा) वापरा आणि लोडसेल पडताळणीला ठेवा. लोडसेलवरच चार्ज करायचे असेल तर त्या काळात जॅकेट बदलायला इंटरलॉक लावा, आणि चार्जिंग संपल्यावर २०-३० सेकंद थांबून मगच अंतिम वजन नोंदवा. नायट्रोजनचा दाब आणि ताणलेली होजसुद्धा आकडा हलवतात.

रेसिपीची मांडणी आता सोपी वाटेल. प्री-इमल्शन टाकीची एक युनिट प्रोसिजर, रिॲक्टरची एक, ब्लेंडिंग टाकीची एक. रिॲक्टरच्या प्रोसिजरमध्ये पाणी आणि सर्फॅक्टंट, नायट्रोजनखाली ८० च्या पुढे तापवणे, सुमारे पाच टक्के प्री-इमल्शन बीज म्हणून, परसल्फेटचा (इनिशिएटरचा) शॉट, तापमान उसळून स्थिरावले की दोन समांतर फांद्या: प्री-इमल्शन फीड आणि इनिशिएटर फीड. इनिशिएटर दहा-पंधरा मिनिटे उशिरा संपतो. मग तासभर त्याच तापमानावर, ६० ते ६५ पर्यंत थंड करून रेडॉक्स चेसर, आणि ४० च्या खाली ट्रान्सफर. अमोनिया, बायोसाइड (जंतुनाशक) ब्लेंडिंग टाकीत. चौदा ग्रेडपैकी बहुतेकांचा आकार हाच राहतो, बदलतात ते आकडे. तेव्हा चौदा रेसिपी काढण्याऐवजी दोन-तीन आकार काढा आणि त्यांना वेगवेगळे फॉर्म्युले (आकड्यांचे संच) जोडा.

रेसिपी ‘रिॲक्टर-२’ साठी न लिहिता रिॲक्टरच्या वर्गासाठी लिहा. कोणता रिॲक्टर ते बॅच सुरू करताना ठरू द्या. यासाठी तिन्ही रिॲक्टरच्या फेजची नावे, पॅरामीटर आणि एकके तंतोतंत सारखी हवीत. एका रिॲक्टरवर फीड मिनिटाला किलो आणि दुसऱ्यावर तासाला किलो असे चालणार नाही. एखाद्या रिॲक्टरला नायट्रोजन स्पार्ज (द्रवात वायूचे बुडबुडे सोडायची सोय) नसेल तर तो गुणधर्म म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या ग्रेडला तो लागतो तिला सर्व्हर तो रिॲक्टर देणारच नाही.

बॅचचा आकार कमी-जास्त करायची सोय सगळ्यांत असते, पण कोणते पॅरामीटर त्यासोबत बदलायचे ते तुम्हीच खूण करून सांगायचे असते. किलो बदलतात. तापमान बदलत नाही. फीडचा वेग रेसिपीत देऊच नका. किलो आणि वेळ द्या, वेग फेजने काढावा. ८००० ऐवजी ६००० किलोची बॅच घेतली तर फीड ३७५० किलो होते, वेळ २१० मिनिटेच राहतो आणि उष्णतेचा भारही त्याच प्रमाणात घटतो. वेग तोच ठेवला तर तेच किलोवॅट ओल्या जॅकेटच्या कमी क्षेत्रातून काढावे लागतील. किमान बॅचची मर्यादाही घाला: तापमानाचा सेन्सर आणि ॲजिटेटरचे पाते सुरुवातीच्या पाण्यात बुडलेले राहतील इतकी पातळी हवीच. सेन्सर उघडा पडला की तो वाफेचे तापमान दाखवतो आणि लूप त्यावर विश्वास ठेवून चालतो.

तीन रिॲक्टर आणि दोन प्री-इमल्शन टाक्या असल्याने एकमेकांत अडकणे होणारच. एका बॅचने टाकीत प्री-इमल्शन तयार करून ठेवले आहे आणि ती रिॲक्टरची वाट पाहते. त्या रिॲक्टरमधली बॅच दुसऱ्या प्री-इमल्शनसाठी त्याच टाकीची वाट पाहते. दोघीही कायमच्या अडकल्या. उपाय एकच: सगळ्या रेसिपींनी साधने एकाच क्रमाने अडवावीत, आधी रिॲक्टर मग टाकी, आणि काम संपताच सोडावीत. ट्रान्सफरमध्ये देणारी आणि घेणारी अशा दोन फेज असतात. दोघींनी ‘तयार’ म्हटल्याशिवाय तळाचा व्हॉल्व्ह उघडू नये, आणि घेणारी होल्डला गेली की देणारी लगेच थांबावी. हा संदेश सर्व्हरमार्फत फिरवू नका, पीएलसीतच ठेवा.

सर्व्हर आणि पीएलसीचा संपर्क तुटला तर काय? फेज पीएलसीत आहे, ती आपली पुढे चालू शकते. चार्जिंग किंवा थांबण्याच्या फेजना पूर्ण होऊ द्या. पुढची फेज आपोआप सुरू होत नाही. फीडला मात्र ठरावीक वेळानंतर, समजा दोन मिनिटांनी, होल्ड द्या, कारण ऑपरेटरला बॅचच्या पडद्यावर काहीच दिसत नसते. पावसाळ्यात महाड, लोटे अशा भागात वीज क्षणभर झपकते तेव्हा पीएलसी आणि सर्व्हर यूपीएसवर टिकतात पण मोटरचे कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे स्विच) पडतात. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने सगळे आलबेल आणि ॲजिटेटर बंद. ही चाचणी पाण्याच्या बॅचवर मुद्दाम करा: फीड चालू असताना एमसीसीचा (मोटरच्या कंट्रोल पॅनेलचा) पुरवठा खरोखर तोडा. त्याच पाण्याच्या बॅचमध्ये प्रत्येक फेज तिच्या प्रत्येक पायरीवर होल्ड आणि रीस्टार्ट करून पाहा. बारा फेजना सहा-सहा पायऱ्या धरल्या तर बहात्तर तपासण्या होतात. एका रिॲक्टरवर त्या दोन-तीन दिवसांत उरकतात आणि त्या टाळून चालत नाही.

शेवटचा प्रश्न, चालू बॅचमध्ये आकडे बदलण्याचा. बॅच तयार होते तेव्हा मास्टर रेसिपीची प्रत निघते आणि तीच चालते. मास्टर नंतर बदलली तरी चालू बॅचला फरक पडत नाही. प्रतीत बदल करू द्यायचा की नाही हे पॅरामीटरगणिक ठरवता येते. थांबण्याचा वेळ वाढवणे, अमोनियाचा पीएचनुसार जादा शॉट देणे या गोष्टी शिफ्ट केमिस्टला मर्यादेत खुल्या ठेवा, नाहीतर लोक पीएलसी मॅन्युअलवर टाकून तेच करतील आणि नोंद काहीच उरणार नाही. फीडचा वेळ वाढवू द्या, कमी करू देऊ नका. फीडचे तापमान आणि इनिशिएटरचे किलो बंद ठेवा. प्रत्येक बदलाला नाव, वेळ, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण यांची नोंद सक्तीची करा. अमेरिकेत माल विकणाऱ्या औषध कारखान्यांना २१ सीएफआर पार्ट ११ या तिथल्या नियमामुळे हे करावेच लागते; तुम्हाला सक्ती नसली तरी ग्राहकाची तक्रार आली की पहिली गरज याच नोंदीची पडते. त्यासाठी सर्व्हर, पीएलसी आणि हिस्टोरियन (ट्रेंड साठवणारे सॉफ्टवेअर) यांची घड्याळे एका टाइम सर्व्हरवर जुळवून घ्या, नाहीतर बॅचमधली नोंद आणि तापमानाचा ट्रेंड यांचा मेळ लागणार नाही.